गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीचा घन

माझा आवाज मोठा आहे. त्याचा दोष मी इगतपुरीला देते. आमच्या घरावर पत्रे होते आणि तिथला पाऊस एकदा बसला की दसऱ्यापर्यंत उठायचं नाव घेत नसे. जेवताना ज्याला मीठ हवं असेल त्यानं ओरडायचं आणि ज्याच्यापुढे मीठ असेल त्यानं 'काय?' म्हणून परत ओरडायचं, अशी रीत होती. वडील रेल्वेत होते, ते तर घरातही यार्डात असल्यासारखे बोलत. त्यामुळे लग्न होऊन मी नाशकात पंचवटीत आले आणि पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरातून 'आई, चहात आलं घालू का?' असं साधं विचारलं, तेव्हा बाहेरच्या खोलीत संध्येला बसलेल्या सासऱ्यांच्या हातातली पळी ताम्हनात पडली. ते आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "सूनबाई, हळू."

पुढे मुलगी इंजिनिअर होऊन पुण्याला गेली तोवर मी हा शब्द इतक्यांदा ऐकला की तो मला माझ्या नावासारखा वाटायला लागला होता. सासरे प्रेमळ आहेत, उगाच का खोटं बोलू. पण आमच्या घरात मोठा आवाज एकच, त्यांचा. ते याज्ञिकी करतात. पूजा, शांत, श्राद्ध यांसाठी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटवर यजमानांचा राबता असतो आणि लिफ्ट बंद असली की धापा टाकणाऱ्या यजमानांना पाणी देण्याचं काम माझ्याकडे असतं.

त्यांचा खरा जीव मात्र पाठांतरात. लहानपणी गुरूंच्या घरी राहून त्यांनी घनापर्यंत अध्ययन केलं आहे. घन म्हणजे काय, ते मला इतक्या वर्षांत नुसतं कानावर पडून कळलं होतं. मंत्रातली पदं सुटी करायची. पहिली दोन म्हणायची, ती उलटी करायची, मग सुलटी म्हणून तिसरं जोडायचं, तिन्ही उलटी, तिन्ही सुलटी, आणि असंच एकेक पद पुढं सरकायचं. लिहून न ठेवता एकही अक्षर इकडचं तिकडं होऊ नये म्हणून कुणीतरी काढलेली ही युक्ती. ती शिकायला घरात कुणी उरलं नव्हतं. माझा नवरा बँकेत गेला. मुलीनं एकदा आजोबांना सांगितलं की हे सगळं मोबाइलवर असतं, त्या दिवशी ते रात्री जेवले नाहीत. बायकांनी हे म्हणायचं नाही अशी घराची रीत होती. का, ते कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

मुलगी गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मला भांड्यांचाही राग यायला लागला. तेवढ्यात शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला रिसेप्शनवर माणसं हवी आहेत असं कळलं आणि मी कुणाला न विचारता जाऊन आले. तिथं मला माईक दिला आणि काहीतरी बोला म्हणाले. मी म्हटलं, 'नमस्कार, पेशंटच्या नातेवाइकांनी हॉलमध्ये डबे उघडू नयेत.' बाहेरच्या पार्किंगमधून वॉचमन पळत आत आला. मला कामावर घेतलं. पगार बेताचाच होता, पण जन्मभर ज्यासाठी बोलणी खाल्ली त्याच आवाजाचे कुणीतरी पैसे देणार होतं. त्या दिवशी मी पंचवटीपर्यंत स्वतःशीच हसत आले.

हसू आठवडाभर टिकलं. काम असं होतं: टोकनचा नंबर पुकारायचा आणि पेशंटनं कुठल्या विभागात जायचं ते सांगायचं. विभागांची नावं इंग्रजी. लिफ्टजवळच्या पाटीवर ती ओळीनं लिहिली होती आणि मला ती वाचून कळत होती. पण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचं इंग्रजी डोळ्यांत असतं, तोंडात उतरत नाही. ऑर्थोपर्यंत माझं ठीक चाललं. मग एका निफाडच्या आजींना डोळ्यांच्या विभागात पाठवायची वेळ आली. मी 'ऑप्था' म्हटलं, 'ऑफ्थल्मा' म्हटलं, शेवटी 'अगंबाई, कसलं मेलं हे नाव' म्हटलं. माईक चालू होता. तिन्ही मजल्यांवर गेलं.

आमची मॅनेजर मुंबईहून आलेली तरुण मुलगी होती, बोलायला गोड आणि निर्णयाला पक्की. तिनं मला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं, तेव्हाच मी समजले. महिनाअखेरीला हॉस्पिटलचे मोठे सर स्वतः खाली येऊन सगळा हॉल बघणार होते. तोवर उच्चार सुधारले तर माईक माझ्याकडे राहील. नाहीतर मला तळघरात रेकॉर्ड रूमला पाठवतील. तिथंही पगार तोच, ती म्हणाली. पण त्या तळघरात फायली आणि एक ट्यूबलाइट सोडून कुणी नव्हतं. दिवसभर गप्प बसायचं तर मी घरी काय वाईट होते? शेअर रिक्षात मी तोंड बाहेर करून रडले आणि शेजारच्या बाईनं धूळ गेली असेल म्हणून मला रुमाल दिला.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचं इंग्रजी चांगलं आहे आणि शिकवणं भयंकर. तो म्हणाला, "त्यात काय अवघड आहे? एकदम म्हणून टाकायचं." एकदम म्हणून टाकता आलं असतं तर मी त्याला कशाला विचारलं असतं? आमचं वाजलं. मी फोन घेऊन गॅलरीत जाऊन बसले. फोनमध्ये एक बाई असते, ती हवा तो इंग्रजी शब्द म्हणून दाखवते आणि खाली तोच शब्द मध्ये टिंबं घालून तुकड्यांत लिहिलेला असतो. मी तिच्यामागून 'गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी' म्हणत होते आणि दर वेळी मधला एक तुकडा माझ्या हातून निसटत होता.

सासरे दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, कसलं स्तोत्र आहे. मी म्हटलं, "बाबा, पोटाचा विभाग आहे."

"एवढं लांब पोट?"

मला हसू आलं आणि परत रडूही आलं. मी सगळं सांगितलं, तळघरासकट. ते आत गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि फोनमधल्या बाईला पुन्हा म्हणायला सांग म्हणाले. डोळे मिटून ऐकलं. परत ऐकलं. मग बोटांच्या पेरांवर मोजून सांगितलं की सात तुकडे आहेत, मी सहाच म्हणते, चौथ्यानंतरचा खाते. इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसानं ही चूक धरली याचं मला आश्चर्य वाटलं, पण त्यांना ते विशेष वाटलं नाही. खाल्लेलं अक्षर पकडणं हा त्यांचा जन्माचा उद्योग.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. रात्रभर त्यांनी एका प्रश्नावर विचार केला होता: असल्या शब्दाला घन लावणं योग्य की अयोग्य? पदाच्या जागी तुकडा धरला तर चालेल का? आणि बाईनं म्हणावं का? शेवटी त्यांनी निकाल दिला, "निषेध कुठं सापडत नाही. पोटाच्या विभागाचा विचारच कुणी केलेला नाही." मात्र आंघोळ करून, पूर्वेकडे तोंड करून, पाटावर बसूनच म्हणायचं. मी म्हटलं, हॉस्पिटलच्या शब्दाला सोवळं कशाला? ते म्हणाले, शब्दाला नाही, म्हणणाऱ्याला लागतं.

तर अशी आमची संथा सुरू झाली. आधी ते म्हणत, मग मी. गॅस्-ट्रो, ट्रो-गॅस्, गॅस्-ट्रो-एन्, एन्-ट्रो-गॅस्, गॅस्-ट्रो-एन्. मग पुढचं: ट्रो-एन्, एन्-ट्रो, ट्रो-एन्-ट. अडखळलं की मुळापासून. एकदा घन सुरू केला की मध्ये सोडायचा नाही, वरून विमान पडलं तरी, हा त्यांचा कडक नियम. सुरुवातीला माझी जीभ वळायची नाही आणि डोकं तापायचं. एकदा तर मी पाटावरून उठून गेले आणि आतून ओरडले की मी आपली तळघरात जाते. ते बाहेरच्या खोलीत शांत बसून राहिले. थोड्या वेळानं माझी मीच परत आले, कारण ट्रो-एन्-ट अर्धवट राहिलेलं डोक्यात खुपत होतं.

मग स्वरांचा प्रश्न आला. त्यांच्या पाठात हाताला काम असतं. स्वर चढला की उजवा हात वर, उतरला की खाली. हात चुकला की पाठ चुकला. त्यांनी फोनमधल्या बाईचे सगळे विभाग लक्ष देऊन ऐकले आणि एकदम उठून उभे राहिले. किडनीचं न-फ्रॉ-ल-जी, एक्स-रेचं रे-डी-ऑ-ल-जी, कॅन्सरचं ऑन-कॉ-ल-जी, पोटाचं, डोळ्यांचं, सगळीकडे ती बाई शेवटून तिसऱ्या तुकड्यालाच आवाज चढवत होती. "म्हणजे त्यांच्यातही नियम आहे," ते म्हणाले. दिवसभर ते खुशीत होते. संध्याकाळी फिरायला गेले तेव्हा त्यांनी हा नियम दोन समवयस्क याज्ञिकांना समजावून सांगितला, असं नंतर कळलं. ते दोघं बराच वेळ घाटावर 'न-फ्रॉ' करत बसले होते.

घराला आता सवय झाली होती. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता सासूबाई मला दुरुस्त करायच्या. "ट-रॉ झालं, रॉ-ट राहिलं," आतून आवाज यायचा, तोही अगदी हळू. त्यांना कसं कळतं हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मला माझ्याच जिभेची पडली होती.

एका सकाळी मालेगावकडचे एक यजमान मुहूर्त विचारायला आले. आमचा किडनीचा घन रंगात आला होता, आणि नियमाप्रमाणे मध्ये थांबता येत नव्हतं. ते गृहस्थ दारातच चपला काढून हात जोडून उभे राहिले. न-फ्रॉ, फ्रॉ-न, न-फ्रॉ-ल, ल-फ्रॉ-न. घन संपला तेव्हा त्यांनी वाकून नमस्कार केला आणि हे कुठलं सूक्त असं विचारलं. सासऱ्यांना खोटं बोलता येत नाही. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "मूत्रपिंडाचं आहे."

यजमानांचे डोळे मोठे झाले. त्यांच्या मेव्हण्याला स्टोन होता. हे किती दिवस करावं लागतं आणि मेव्हण्यानं समोर बसायला हवं का, असं ते विचारू लागले. सासऱ्यांनी घाम पुसला आणि सांगितलं की मेव्हण्यांनी भरपूर पाणी प्यावं आणि डॉक्टर सांगतील ते ऐकावं, हे मुख्य. सुनेच्या नोकरीचा अभ्यास आहे हेही सांगितलं. यजमानांना ते पटलं की नाही कोण जाणे. जाताना त्यांनी मलाही नमस्कार केला.

हॉस्पिटलमध्ये माझी जीभ सैल होत होती, पण एक भलतंच झालं. माझा उजवा हात माझं ऐकेना. माईकवर 'रेडिऑलॉजी' म्हटलं की 'ऑ'ला तो आपोआप वर जायचा. समोर बसलेल्या पेशंटना वाटायचं, ताई आपल्याला बोलावते आहे. ते उठायचे. 'जी'ला हात खाली यायचा, ते बसायचे. दिंडोरीचा एक शेतकरी द्राक्षांच्या फवारणीनं डोळे लाल करून आलेला, तो बिचारा एका सकाळीत इतका उठला-बसला की शेवटी कंबर दुखते म्हणून हाडांच्या विभागात जाऊ का विचारायला आला. मी हात मांडीखाली दाबून बसायला लागले. पण हात दाबला की शब्द अडखळायचा. मॅनेजर लांबून बघायची आणि काही बोलायची नाही. त्या न बोलण्याची मला धास्ती वाटायची.

मोठे सर यायचा दिवस उजाडला. सासऱ्यांनी सकाळी सगळे विभाग एकदा म्हणून घेतले आणि हातावर दही ठेवलं. हॉल तुडुंब भरला होता. मी पोट म्हटलं, किडनी म्हटली, दोन्ही स्वच्छ. कोपऱ्यातून मॅनेजरनं मान हलवली. मग लिफ्टमधून मोठे सर बाहेर आले आणि नेमके माझ्या काउंटरच्या मागे येऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. "टोकन क्रमांक सत्तावीस, कृपया..." म्हटलं, आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. एक अक्षर आठवेना. तळघरातली ट्यूबलाइट तेवढी स्पष्ट दिसली.

हात वर गेला. आणि मागोमाग तोंडातून घन सुरू झाला.

ऑफ-थॅल, थॅल-ऑफ, ऑफ-थॅल-मॉ, मॉ-थॅल-ऑफ, ऑफ-थॅल-मॉ. काय होतंय ते मला कळत होतं, पण सुरू केलेला घन मध्ये सोडायचा नाही. थॅल-मॉ, मॉ-थॅल, थॅल-मॉ-ल. घरी म्हणायची तशी, पूर्ण आवाजात, तिन्ही मजल्यांवर. 'मॉ'ला हात वर गेला तसा सगळा हॉल उठला, आणि हात इतक्यांदा वर जायला लागला की लोकांनी बसायचा नाद सोडला. राष्ट्रगीताला उभं राहावं तसे सगळे उभे. एका बाईनं डोक्यावरून पदर घेतला. रडणारं एक मूल गप्प झालं. घन संपवून मी शेवटी 'ऑफथॅल्मॉलॉजी विभागात यावे' असं म्हटलं, आणि तो शब्द इतका गोळीबंद आला की फोनमधल्या बाईनं ऐकायला हवा होता.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मागे वळून बघायची माझी छाती नव्हती. टोकन सत्तावीस म्हणजे एक म्हातारे बाबा होते, काळा चष्मा, डोक्याला टोपी. ते काठी टेकत काउंटरपाशी आले आणि टोपी काढून म्हणाले, "ताई, मंत्र लय भारी झाला. आता डोळ्याचं कुठं हाय तेवढं सांगा."

मोठे सर पुढे झाले. त्यांनी बाबांना विचारलं की आत्ता पुकारलं ते कळलं नाही का.

"नाय बा," बाबा म्हणाले. "आवाज खणखणीत हाय पोरीचा. पण कळलं काय नाय."

सरांनी मॅनेजरकडे बघितलं. आजवर कितीजण असे चुकले असतील, असं त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, ते मला बरोबर कळलं. मग ते म्हणाले, "उद्यापासून मराठीत सांगा. डोळे, पोट, किडनी. आवाज हाच ठेवा."

मी बाबांचा हात धरून त्यांना डोळ्यांच्या विभागापर्यंत सोडून आले, कारण काउंटरवर बसले असते तर पुन्हा रडले असते आणि माईक चालूच होता.

घरी सासरे दार उघडूनच बसले होते. माईक राहिला म्हटल्यावर त्यांनी देवापुढे साखर ठेवायला सांगितली. हॉल उभा राहिला हे ऐकून पोट धरून हसले. मग मी शेवटचं सांगितलं, की ते शब्द आता म्हणायचे नाहीत.

"एकही नाही?"

"पाटीवर राहतील. ती काही बोलावी लागत नाही."

ते बरं म्हणाले आणि पंचांग उघडून बसले. पान मात्र उलटलं नाही. सासूबाई मला आत हळूच म्हणाल्या, "विद्यार्थी गेला त्यांचा." मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. इतक्या वर्षांत ह्या घरात मी पहिल्यांदा कुणाकडून काही शिकले होते, आणि ज्या आवाजावरून बोलणी खाल्ली त्याच आवाजात शिकले होते. आता सकाळी परत चहात आलं घालू का, तेही हळू.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी स्वयंपाकघरात गेले, तर बाहेरून हाक आली. पाट मांडलेला होता. मी जाऊन म्हटलं, "बाबा, शब्द संपले."

"माझ्याकडे आहेत," ते म्हणाले.

त्यांनी एक पद म्हटलं. ते पद मी ह्या घरात आल्यापासून रोज भिंतीपलीकडून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पूर्वेकडे बघत होते. दुसरं पद म्हणून ते थांबले, माझ्यासाठी. मी ओठातल्या ओठात म्हटलं, कारण हे बायकांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"पुटपुटतेस काय?" ते म्हणाले. "मोठ्याने."

मी इगतपुरीच्या आवाजात म्हटलं. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, मग तिसऱ्यापाशी अडले. तर तिसरं पद आतून आलं. स्वच्छ, खणखणीत, स्वरासकट. सासूबाईंचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं, आणि सासऱ्यांचा चेहरा बघून वाटलं की त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचा हात वरच राहिला होता. पन्नास वर्षं दाराआडून ऐकलेलं सगळं त्या एका पदात होतं.

मग ते स्वयंपाकघराकडे न बघताच म्हणाले, "अगं, तूही ये. पाट घेऊन ये."

कुकरच्या दोन शिट्ट्या बाकी होत्या, तरी सासूबाईंनी गॅस बंद केला.